डिगवड्याची कळशी

“साखळी काढ, हौसा. का भावाला बी पालथा घालून उन्हात वाळवतीस?”

सर्जेदादा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पाय सोडून बसला होता आणि मिशीत हसत होता. मागं ट्रॉलीत त्याची शर्यतीची होडी दोरखंडानं करकचून बांधलेली. तिच्या मागं टेम्पोत डिगवड्याची वल्ही मारणारी गडीमाणसं, हलगीवाला, गुलालाची पोती. आणि ह्या सगळ्या लवाजम्याच्या पुढं मी, हातात चहाची किटली घेऊन. रस्त्यावर आडवी साखळी, साखळीला कुलूप आणि कुलपाची किल्ली माझ्या कमरेला.

“भाऊ असशील तू माझा,” मी म्हटलं. “होडी माझी कोण लागत न्हाई. आधी तिला बघू दे, मग तुला चहा देते.”

“बघा रं,” दादा टेम्पोकडं तोंड करून म्हणाला. “सख्खी बहीण हाय ही.”

“सख्खी हाय म्हणून चहा तरी टाकलाय.”

टेम्पोतली माणसं हसली. दादानं उडी मारली, दोरखंड सोडले, आणि मी पदर खोचून ट्रॉलीखाली शिरले.

तुम्हाला वाटेल, एका बाईच्या हातात तलावाची किल्ली कुणी दिली. तर आमचं उंबरटेक हे मूळचं इथलं नव्हेच. मूळ गाव धरणात गेलं आणि आम्हाला उचलून ह्या टेकावर बसवलं. खाली डोळ्यासमोर एवढा थोरला तलाव, आणि वर घशाला कोरड. मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून तो चढ हंड्यावर हंडा घेऊन चढले. माझी सासू चढली, तिचे गुडघे गेले. पोटुशा बाया चढल्या. एक-दोघींचं वाटेतच काय व्हायचं ते झालं, त्याबद्दल मी बोलत नाही. मग मोर्चे झाले, उपोषणं झाली, साहेबांच्या टेबलावर रिकामे हंडे आपटून झाले, तेव्हा कुठं उपसा योजना आली. तलावात पंपाची विहीर बांधली, तिथनं पाइप वर आला आणि दारात नळ आला. पहिल्या दिवशी नळ सोडला तेव्हा माझी सासू नळाखाली हात धरून बसून राहिली, उठेचना.

आणि तेवढ्यात ही नखुली उपटली.

नखुली म्हणजे शिंपलीच. नखाएवढी, काळ्या पट्ट्याची, दिसायला काही वाईट नाही. कुठनं आली देव जाणे. कुणी म्हणायचं समुद्राकडच्या होडीबरोबर आली, कुणी म्हणायचं कुणा हौशी माणसाच्या मासे पाळायच्या काचेच्या पेटीतनं. आमच्या इकडं ती पहिल्यांदा सोनकी नदीत दिसली. सोनकी म्हणजे माझ्या माहेरची नदी. आपली साधी शिंपली चिखलात पडून राहते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ही बया तशी नाही. ही दोऱ्यासारखी मुळं सोडून चिकटते. दगडाला चिकटते, होडीला चिकटते, पाइपात शिरून पाइपाला चिकटते. एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, असं करत पाइपाचं भोक बुजवून टाकते. डिगवड्याची पंपाची विहीर तिनं अशी बुजवली की ऐन उन्हाळ्यात नळ बंद पडले आणि रानातला ऊस उभा वाळला. ज्या गावातनं मी आले ते नदीकाठचं गाव टँकरची वाट बघत बसलं.

म्हणून आमच्या पाणी समितीनं तलावाच्या रस्त्याला साखळी लावली. बाहेरची होडी, बाहेरचं जाळं, काही असो, घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन, पुष्कळ दिवस कडक उन्हात वाळवलेलं असेल तरच खाली जाईल. माझं घर साखळीला लागून, शिवाय माझी चहाची टपरी तिथंच. आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. समितीच्या बैठकीत बळवंतभावजी स्वतःच म्हणाले होते, “किल्ली हौसाला द्या. तिच्यापुढं आमदार बी ब्रेक दाबतोय.”

भावजी म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ, वयानं थोरले. गावची जत्रा, गावचा तंटा, गावची शर्यत, सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता.

तर मी ट्रॉलीखाली होते. फळ्यांच्या सांध्यांवरनं तळवा फिरवला. सुकाणूच्या बिजागरीत बोट घातलं. बुडाचं बूच काढून आत वाकून बघितलं, वास घेतला. होडी ठणठणीत कोरडी. नुसता तापलेल्या लाकडाचा आणि तेलाचा वास.

“कवापासनं वाळतीया?” मी खालनंच विचारलं.

“होळीच्या आधीपासनं पालथी हाय दारात. आईनं यंदाचं पापड तिच्यावरच वाळवलं. उकळतं पाणी घालूनघालून माझं हात भाजलं, हे बघ.” दादा वाकून मला हात दाखवत होता. “हौसाच्या तलावात चाललोय म्हणून पोरांना म्हटलं, एक बी नखुली ऱ्हायली तर मला ती जित्ता सोडायची न्हाई.”

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. नखुलीच्या भीतीनं आमच्या शर्यती कितीतरी साल बंद होत्या, त्या यंदाच्या जत्रेला पुन्हा चालू होत होत्या. दादा तरुणपणी सुकाणू धरायला बसला की काठावरच्या बाया मला कोपर मारायच्या, “भाऊ बघ गं तुझा.” आता त्याच्या कानावरचे केस पिकले होते. ही बहुतेक त्याची शेवटची शर्यत, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी ट्रॉलीखालनं बाहेर आले, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. हलगी कडकडली. ट्रॅक्टर उतारानं खाली गेला, होडी काठावर उतरवली, आणि मी चहाची भांडी मांडायला वळले.

वळता वळता बघितलं, दादा टेम्पोच्या पुढच्या दाराशी उभा राहून आतनं काहीतरी हळूच, दोन्ही हातांनी, लेकरू उचलावं तसं उचलत होता. तांब्याची कळशी. तोंडाला ओलं फडकं बांधलेलं, वर आंब्याचा डहाळा, हळदीकुंकवाची बोटं. डिगवड्याची माणसं अनवाणी झाली. हलगीचा ठेका बदलला.

पाणभेट.



आमच्याकडं शर्यतीला येणारा पाहुणा हात हलवत येत नाही. आपल्या नदीचं पाणी कळशीत भरून आणतो आणि शर्यतीच्या आधी यजमानाच्या पाण्यात सोडतो. पाण्याला पाणी भेटलं की गावाला गाव भेटलं. ते झाल्याशिवाय पाहुण्याची होडी पाण्याला लावत नाहीत. हे माझ्या आज्यापणज्यापासून चालत आलेलं. समितीनं होडीवर चर्चा केली, जाळ्यांवर केली, गळाच्या काठ्यांवरसुद्धा केली. कळशीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. होडी ही वस्तू, तिला नियम लावता येतो. कळशी म्हणजे पूजा. पूजेला कोण साखळी लावतं?

मी किटली तिथंच टाकून उतारावर धावत सुटले.

मिरवणूक निम्म्या वाटेवर होती. मी पुढं जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. हलगीवाला मला धडकायचाच राहिला.

“दादा, थांब. कळशीत काय हाय?”

“काय असणार?” दादाला वाटलं मी चेष्टा करतेय. “सोनकीचं पाणी.”

“कवा भरलंस?”

“आज निघताना. ताजं. शिळं पाणी भेटवत्यात व्हय?”

“मग ते खाली जायचं न्हाई.”

हलगी थांबली. दादाच्या तोंडावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. काठावर जत्रेची सगळी माणसं गोळा झालेली, त्यांच्यातनं फेट्याचा तुरा हलवत बळवंतभावजी वर आले.

“काय झालं? घोडं कुठं अडलं?”

“भावजी, ह्या पाण्यात नखुली हाय.”

भावजींनी कळशीवरचं फडकं बाजूला करून आत बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. “आरशासारखं पाणी हाय, हौसा.”

“पिल्लं दिसत न्हाईत तिची. डोळ्याला दिसंल एवढी ती मोठी व्हस्तवर पाइपात जाऊन बसल्याली असत्या.”

“अगं पण एक कळशी पाणी. आणि तलाव बघ केवढा.”

“भावजी, हंडाभर दुधाला तुम्ही विरजण किती लावता?”

मागं कुणीतरी खुसकन हसलं आणि भावजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी फेटा सारखा केला. “हे बघ. होडी अडवायला तुला किल्ली दिली. देवाचं काम अडवायला न्हाई. पाव्हणा दारात उभा हाय. बाजूला हो.”

“न्हाई व्हायची.”

हे शब्द माझ्या तोंडातनं कसे गेले मला कळलं नाही, पण गेले ते बरं झालं. डोक्यावरचा पदर केव्हाच खांद्यावर आला होता, तो मी पुन्हा घेतला नाही.

 दादा पुढं आला, आवाज दाबून बोलला. “हौसा, चारचौघांत तमाशा करू नगंस. गाळून आणलंय मी. दुहेरी फडक्यानं.”

“तुझ्या फडक्यातनं जातंय ते.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तूच सांगितलंस.” मला राग आला होता आणि रडूही येत होतं, म्हणून माझा आवाज नको तेवढा चढला. “आईच्या न्हाणीतला हौद दिवाळीला कुणी खरवडला? तूच न्हवं? खुरपं घेऊन बसला होतास. बोटं कापली, हौदातलं पाणी लाल झालं. तळापासनं काठापर्यंत नुसती नखुली. त्या हौदात कुणी होडी घातली होती, दादा? जाळं टाकलं होतं? नळाला फडकं बांधूनच आई हौद भरत होती की न्हाई?”

 डिगवड्याच्या माणसांतनं एक-दोघांनी मान खाली घातली. त्यांच्या घरचेही हौद तसेच होते, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

पण मी चुकीच्या ठिकाणी बोलले होते. खरं बोलले, पण परक्या गावात, हलगीपुढं, पाहुण्याच्या गावची अब्रू वेशीवर टांगली. दादाचा चेहरा लाल झाला.

“झालं समाधान?” तो म्हणाला. “आमच्या गावाला पाणी न्हाई, आमचं हौद किडलं, समद्यांना कळलं. आता हे बी ऐक. ही कळशी मी न्हाई भरली. आईनं भरली.”

माझे पसरलेले हात आपोआप खाली आले.

“गुडघं धरून घाट उतरली म्हातारी. मी म्हटलं मी भरतो, तर माझ्या हातावर चापट मारली. म्हणाली, हौसाच्या तलावाला माझा हात लागू दे. मला आता तिच्याकडं जायाचं होत न्हाई, माझं पाणी तरी जाऊ दे.” दादानं कळशी माझ्यापुढं धरली. “सांग आता. काय करू? ह्या फुफाट्यात वतू? माणसांच्या पायाखाली? घरी जाऊन आईला काय सांगू, लेकीनं तुझं पाणी दारातनं हाकललं म्हणू?”

 आईला मी दिवाळीनंतर बघितलं नव्हतं. घाटाच्या त्या पायऱ्या माझ्या डोळ्यासमोर होत्या, शेवाळलेल्या, शेवटची तर तुटकीच. ती उतरताना तिनं कशाला धरलं असेल, हेच पहिल्यांदा मनात आलं.

गर्दीतनं एक बाई म्हणाली, “माहेरचं पाणी नाकारणारी लेक मी तरी कुठं बघितली न्हाई.” दुसरी म्हणाली, “किल्लीचा माज चढलाय.” ह्या दोघी माझ्याबरोबर तोच चढ चढलेल्या. त्यांचं मला सगळ्यात जास्त लागलं.

भावजींनी संधी साधली. “ऐकलंस न्हवं? आईचं पाणी हाय. आता तरी बाजूला हो.”

मी बाजूला झाले नाही. मी वाटेच्या मधोमध खाली बसले. मांडी घालून, नीट, जेवायला बसतात तशी.

“माझ्या अंगावरनं जा,” दादाला म्हटलं. “जाणार असशील तर.”

तेवढ्यात आमचे मालक आले. ते योजनेचा पंप चालवायचे, विहिरीवरनंच पळत आले असावेत, कोपरापर्यंत ग्रीस. भावजींना हायसं वाटलं. “ये रं. तुझ्या बायकूला उठव.”

मालकांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा कळशीकडं, मग चड्डीला हात पुसले. “दादा, आजवर मला ते जमलं न्हाई,” ते भावजींना म्हणाले. “आज काय जमणार?” आणि माझ्याशेजारी बसले.

माणूस तसा मुखदुर्बळ. लग्नात नावसुद्धा दुसऱ्यांदा विचारल्यावर घेतलं होतं. पण त्या दिवशी त्यांचा तेलकट खांदा माझ्या खांद्याला लागला आणि मला दहा हत्तींचं बळ आलं.

सगळं तिथंच अडकलं. दादा कळशी धरून उभा, त्याचे हात भरून आलेले. पूजेची कळशी खाली टेकवता येत नाही. भावजी चुळबुळत होते. काठावर आमच्याच तलावाच्या बाकीच्या गावांच्या होड्या थांबलेल्या, पंच शिट्टी घेऊन ताटकळलेले. ऊन चढत होतं. मी त्या कळशीकडं बघत होते. फडक्याच्या कडेनं एक थेंब सुटून तांब्यावरनं खाली ओघळला आणि दादाच्या मनगटावर आला. आईनं बांधलेलं फडकं. तिच्याच जुन्या लुगड्याचं, काठ मी ओळखला.

आणि मला सुचलं. तसं साधंच होतं.

“दादा,” मी म्हटलं, “आई काय म्हणाली? तिचं पाणी कुणाकडं जाऊ दे म्हणाली?”

“तुझ्याकडंच की.”

“तलावाकडं का माझ्याकडं?”

“तुझ्या तलावाकडं.”

“पण मायेनं धाडलं ते मला न्हवं? तलावाची आणि तिची कुठली वळख?”

दादा गोंधळला. “तुलाच.”

“मग मला दे. चल वर.”

मी उठले आणि उताराच्या उलट चालायला लागले. साखळी ओलांडली, टपरी ओलांडली, घराला वळसा घालून मागं गेले. टेकाचा माथा तिथं आहे. त्याच्या पलीकडं पडलेलं पाणी तलावाकडं येत नाही, आमच्या नाचणीच्या रानात उतरतं आणि तिथंच मुरतं. कपडे धुवायचा दगड आहे तिथं, चांगला रुंद. मागं वळून बघितलं तर अख्खी जत्रा माझ्या मागनं चढ चढत होती. भावजी धापा टाकत होते.

मी दगडावर बसले. अंबाडा सोडला.

“वत,” म्हटलं.

“काय?”

“माझ्या डोक्यावर वत. समदं.”

“येड लागलंय का तुला?”

“आईनं धाडलंय न्हवं? कितीतरी सालात तिनं मला न्हाऊ घातलं न्हाई. वत, दादा.”

दादा कळशी धरून नुसता उभा राहिला. त्यानं दुसरीकडं बघितलं. मग फडकं सोडलं, माझ्या खांद्यावर टाकलं, कळशी उचलली आणि माझ्या डोक्यावर धरली.

पाणी गार होतं. पहिली धार पडली तशी मी शहारले, पण मान खाली घातली नाही. सोनकीच्या पाण्याला एक वास आहे, गाळाचा आणि काठावरच्या पाणगवताचा, तो मी कुठंही ओळखीन. तोंडावरनं, गळ्यावरनं, पाठीवरनं ते पाणी गेलं. दर रविवारी आई मला न्हाणीत बसवायची, डोळ्यात शिकेकाई गेली की मी किंचाळायची, आणि ती गुडघ्यात माझं डोकं धरून म्हणायची, झालं गं, झालं. मी त्या दगडावर बसून रडले. सगळ्या जत्रेसमोर रडले. लाज वाटली नाही.

शेवटचा थेंब पडेपर्यंत दादानं कळशी धरली होती.

“झाली पाणभेट,” मी केस पिळत म्हटलं. “आता होडी लावा.”

“ही कसली पाणभेट?” भावजींना आवाज सापडला. “तलावाला पाणी लागलं न्हाई. अशी होडी लावली तर बाकीची गावं आमच्या तोंडात शेण घालतील. असलं कधी झालं न्हाई, कधी व्हायचं न्हाई.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण दादा माझ्या आधी बोलला. त्याचा आवाज बदललेला होता. पुरात सुकाणू धरताना तो गड्यांना ओरडायचा तो आवाज.

“पाव्हणं, पाणी कुणाचं? डिगवड्याचं. वतलं कुणावर? डिगवड्याच्या लेकीवर. ती सून कुणाची? उंबरटेकची. हिच्या पोटची पोरं दोन्ही गावांची. मग गावाला गाव भेटलं का न्हाई भेटलं?” तो सगळ्यांकडं फिरून बघत होता. “माझ्या गावचं हौद किडलं. माझा ऊस माझ्या डोळ्यादेखत जळला. ते मी तुमच्या दारात वतायला निघालो होतो, आणि हिनं मला अडवलं. भेट झाली न्हाई असं कुणाला म्हणायचं असंल त्यानं म्होरं यावं आणि माझ्याशी बोलावं.”

कुणी पुढं आलं नाही. मघाशी मला बोललेली बाई पदराला तोंड पुसत होती. मग हलगीवाल्यानं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, एक ठोका दिला. मग दुसरा.

शर्यत झाली. मला मात्र काठावर जाता आलं नाही. आमच्या मालकांनी मला साखळीपाशी अडवलं. “तू आता बाहेरची होडी,” म्हणाले. “साडी वाळंस्तवर खाली उतरायचं न्हाई.” आणि खरोखरच कुलूप लावून किल्ली घेऊन गेले. मी माथ्यावर उन्हात बसून शर्यत बघितली. दादाची होडी तिसरी आली. तो म्हणतो माझ्यामुळं त्याचे हात गळाले होते. मी म्हणते वय झालं.

भावजी पुढं कितीतरी दिवस माझ्या टपरीवर चहाला आले नाहीत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात जायचे, तिथला चहा पाण्यासारखा. मग एका उन्हाळ्यात पलीकडच्या खोऱ्यातल्या धरणात नखुली निघाली, तिथले नळ बंद पडले, आमचे चालू राहिले. तेव्हा आले आणि बाकावर बसले. मी कप ठेवला. साखर जास्त घातली, त्यांना लागते.

आईला दादानं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. दादा म्हणाला, ती खूप हसली, आणि म्हणाली, “नाकात गेलं असंल तिच्या. डोकं खाली धर म्हटलं की वर धरती, लहानपणापासनं तसंच.”

आता आमच्याकडं पाणभेट अशीच होते. ज्या गावची होडी येते त्या गावची माहेरवाशीण माथ्यावरच्या दगडावर बसते आणि त्या गावचा सुकाणूवाला तिच्या डोक्यावर कळशी ओततो. बाया रडतात, हसतात, कुणाकुणाला सर्दी होते. पण सगळ्याच गावांच्या लेकी आमच्याकडं दिलेल्या नाहीत. ज्यांची कुणी नाही त्यांचं पाणी मी घेते.

मागच्या जत्रेला असंच लांबच्या गावचं एक पथक आलं. सुकाणू धरणारा नवाच, चांगला शिकलेला, पायात बूट. होडी लख्ख धुतलेली, वाळवलेली, तोंड भरून बोलणारा माणूस. कळशी घेऊन माझ्यासमोर आला आणि घुटमळला. मी आता थकलेय, ते त्याला दिसलं असणार.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्हाला कशाला ह्या वयात त्रास? चार थेंब तलावात सोडू की. नुसतं शास्त्राला.”

मी दगडावर सरळ बसले. अंबाडा सोडला.

“शास्त्राला मी बसलेय न्हवं इथं?” म्हटलं. “वत.”